चौकटची दुर्री

सुहासने पाठवलेल्या खोक्यात चार खेळ निघाले आणि पंधरा दिवसांत ते चारही मी निकालात काढले. म्हणजे जिंकले असं नाही. जिंकायला समोर कोणीतरी खेळणारा लागतो. माझ्यासमोर भाऊ बसत होता, खुर्चीत उशांचा टेकू घेऊन, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, आणि पटापेक्षा खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, कावळ्याकडेच त्याचं जास्त लक्ष होतं.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शिरोड्याच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. दिवाळीनंतर एका सकाळी त्याच्या हातातला पाना खाली पडला आणि तो उचलायला उजवा हात काही उठला नाही. जीभही त्याच सकाळी गेली. "तां... तां..." एवढंच उरलं. चहा हवा असला तरी तां, चहा नको असला तरी तां. वयनी, म्हणजे त्याची बायको, गुडघ्यांनी हैराण. मी सावंतवाडीला शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, एकटी. चैत्र लागला तसं घराला कुलूप घातलं, चार साड्या पिशवीत कोंबल्या आणि सकाळच्या एसटीने इथे आले.

माझा स्वभाव असा की मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आणि नाकावर राग, हिला सांभाळील तो धन्य. त्यामुळे आजाऱ्यापाशी बसण्याचं काम मला कोणी सांगितलं असतं तर मीच हसले असते. पण आले. पडवीतून खळ्यात, खळ्यातून विहिरीपर्यंत, विहिरीवरून परत पडवीत. दुपारी दोनला वीज जाते, पंखा कुरकुरत थांबतो, आणि मग माडांच्या पलीकडचा समुद्र एकदम जवळ आल्यासारखा ऐकू यायला लागतो. त्या वेळी तर जीव नुसता वर-खाली होतो.

सुहास त्यांचा एकुलता मुलगा, ठाण्याला नोकरीला. त्याने फोनवर बजावलं होतं, बाबांच्या मेंदूला चालना मिळाली पाहिजे, रोज एक तास खेळ घ्या. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या ठाण्याहून. पण खेळ मात्र निवडून पाठवले होते, हे मान्य करायला हवं. पहिला लुडो. त्याची फाशाची डबी हलवली की वयनीच्या देव्हाऱ्यातल्या घंटीहून मोठा आवाज, आणि भाऊने चारही सोंगट्या डाव्या हाताने एकदाच घरात ढकलून दिल्या, खेळ संपला. दुसरा जोड्या लावण्याचा. उपड्या चित्रांमधून सारखी दोन शोधायची. पेंग्विन, पेंग्विन, पांढरं अस्वल. शिरोड्याच्या माणसाने पेंग्विन लक्षात ठेवून करायचं काय? तिसरा लाकडी ठोकळ्यांचा मनोरा. एकेक ठोकळा काढायचा आणि मनोरा पाडायचा नाही. तो मला आवडला, खोटं कशाला बोलू. काळजी घेण्याच्या कामातून सुटका म्हणून मी एकटीच खेळत बसे, आणि तो कोसळला की बरं वाटे. चौथ्या खेळात बेटं होती, गलबतं होती, आणि नियमांचं वीस पानांचं पुस्तक होतं. नियम वाचून होईपर्यंत भाऊ झोपला.

त्यात आठवड्यातून एकदा एक मुलगी येई, व्यायाम करून घ्यायला. गुणी होती, मऊ बोलायची. ती चित्रांचे पुठ्ठे मांडायची आणि म्हणायची, "आजोबा, सफरचंद कुठलं? दाखवा बघू." भाऊ भिंतीकडे बघायचा. "छत्री?" भिंत. "घोडा?" भिंत. ती वहीत काहीतरी लिहायची. ज्या माणसाने पडवीत बसून, नुसत्या आवाजावरून, कोणाची होडी आत येतेय आणि तिच्या इंजिनात काय बिघडलंय ते सांगितलं, त्याला सफरचंद दाखवायला सांगायचं! मी तिच्या जागी असते तर मीही शून्यच दिलं असतं म्हणा. शाळेत मी तेच करत आले. उत्तर लिहिलं नाही म्हणजे येत नाही.

तिची वही फोनवरून ठाण्याला पोचली असणार. कारण सुहासचा फोन आला तेव्हा तो शुद्ध मराठीत बोलत होता. आमचा सुहास एरवी माझ्याशी मालवणीत बोलतो. शुद्ध बोलायला लागला की समजायचं, काहीतरी ठरवून झालंय.

"आत्ये, मी त्या दोघांना इकडे आणतो. सोमवारी सकाळी गाडी सांगितली आहे. आईच्याने होत नाही आता. घर बंद करू."

"आणि भाऊक विचारलंस?"

"काय विचारू? बाबांना आता कुठेही ठेवलं तरी फरक कळत नाही."

मी फोन ठेवला आणि विहिरीपर्यंत जाऊन आले. वयनी खळ्यात कोकमाची सोलं उलटी करत होती. तिनेही ऐकलं होतं.

"तेंका कळता गो बाय," ती म्हणाली. "सगळा कळता. पण सांगूक येणा नाय, मगे कोण मानतलो?"

"तुका जावचा आसा?"

तिने आणखी एक परडी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "माझा काय गो. ह्ये खंय, मी थंय."

तिचं खरं होतं, सुहासचंही खोटं नव्हतं, आणि माझ्याकडे भाऊला कळतं याचा काडीइतका पुरावा नव्हता. भाऊने एकदा, फक्त एकदा, सुहासच्या डोळ्यांदेखत काहीतरी कळल्याचं दाखवावं, एवढंच मला हवं होतं. मधे आठ दिवस होते.

तो डबा मला सापडला तो सोलांच्या परड्या शोधताना. वयनीला आणखी दोन परड्या हव्या होत्या म्हणून मी माळ्यावर चढले. धूळ, पालीची अंडी, सुहासचं मोडकं तीनचाकी, आणि त्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकण गंजून घट्ट बसलेलं. कोयत्याच्या टोकाने उचकटलं. आत पत्ते होते. आणि वास आला, आंबट, खारट, थोडा बुरशीचा. पत्ते घेऊन मी माळ्यावरच धुळीत बसले.

मे महिन्यात आमच्या घरात कोणाच्याही हाताचा रंग हाताचा नसे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पाट्या भरभरून यायची. आई ती मधोमध फोडायची, आतला गर आणि बिया एकीकडे, साली दुसरीकडे. साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, परत बुडवायच्या, परत घालायच्या. आठवडाभर हेच. खळ्यात चटया लाल, उंबऱ्यावर लाल ठिपके, मांजराच्या पंजांना लाल. मनगटापर्यंत आम्ही कोणाचा खून करून आल्यासारखे. दुपारी ऊन डोक्यावर आलं की आई म्हणायची, "पुरे. पत्ते काढा." आणि हात धुण्याइतका धीर कोणाला असायचा?

पत्ते बाबांनी मुंबईहून आणलेले. पाठीवर फिकट पिवळी जाळी, कडा इतक्या कोऱ्या की बोट कापेल. पहिल्याच मेमध्ये त्या पाठींची रया गेली. आमच्या बोटांचे डाग पडले, आणि रातांब्याचा डाग काही सहजी जात नाही. महिनाभरात असं झालं की घरातल्या प्रत्येकाला प्रत्येक पत्ता पाठीवरून ओळखता यायला लागला. बदामच्या बादशहाच्या कोपऱ्यात तीन थेंब. किलवरच्या अठ्ठीवर लांबट ओघळ. चौकटच्या राणीवर मांजराचा पंजा. आणि इस्पिकच्या एक्क्यावर, बरोब्बर मधोमध, बारा वर्षांच्या भाऊचा अंगठा, रेषांसकट.

दुसऱ्या कुठल्याही घरात ते पत्ते फेकले असते. आमच्या आईने नियम केला. "पाठ वाचूची नाय. ज्येका वाचूची आसा, तेना पंचांग वाचूक बसाचा." ओळखता येतं म्हणून बघायचं नाही. झालं. आणि तिच्या त्या एका वाक्यावर ते पत्ते पुढे वीस वर्षं खेळले गेले.

बावन्न मात्र फार दिवस राहिले नाहीत. दुर्रीपासून सत्तीपर्यंतची चिल्लर एकेक करून गेली, दोन सत्त्या तेवढ्या वाचल्या. छक्की शिलाईच्या यंत्राच्या पायाखाली गेली, पंजी वाऱ्याने विहिरीत, तिर्री कोणीतरी बाजाराची यादी लिहून नेली. उरले तीस. तीस पत्त्यांत दोनच खेळ होतात. तिघं असले तर पाच-तीन-दोन, दोघं असले तर सात-आठ. आई बहुधा कामात, त्यामुळे मी आणि भाऊ, सात-आठ. एकाने आठ हात करायचे, दुसऱ्याने सात, आणि आठवाल्याने हुकूम सांगायचा. पाच पत्ते हातात, बाकीचे समोर मांडलेले, पाच उपडे आणि त्यांवर पाच उलगडे. ज्याचा एखादा हात जास्त झाला त्याने पुढच्या डावात दुसऱ्याच्या हातातला एक पत्ता ओढायचा, आणि बदल्यात आपला नको असलेला द्यायचा. आता ओढताना पत्त्यांच्या पाठी आपल्याकडे असतात. दुसरीकडे कुठेही ओढणारा निवांत बघून ओढतो, पाठी सगळ्या सारख्याच. आमच्याकडे ओढणाऱ्याने मान वर करून छपराचे वासे बघायचे आणि चाचपडत पत्ता काढायचा.

"वर बघ गो, वर. वासे मोज," आई सोलं उलटी करता करता ओरडायची.

मी खाली बघायचे. सांगून टाकते, आता काय. मला हरणं सोसत नसे. पापणी अर्धी खाली आणायचे, एवढीशी, आणि एक्का ओढायचे. भाऊ कधीच बघायचा नाही. तो खरोखर वासे मोजायचा आणि किलवरची अठ्ठी घेऊन बसायचा. पण मी बघितलं की ते त्याला कळायचं. कसं ते देव जाणे.

"आये, हिना खाली बघल्यान!"

मग शिक्षा. चिल्लरीतली एकच दुर्री आईने मुद्दाम डब्यात राखून ठेवली होती, चौकटची. तिचा खेळात उपयोग शून्य. जो पाठ वाचील त्याने ती दुर्री दातात धरायची आणि डाव संपेपर्यंत तशीच ठेवायची. बोलायचं नाही, भांडायचं नाही, "मी नाय बघलंय" म्हणायची सोय नाही. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नव्हती. कानाखाली मारलेली परवडली असती. दातांत ती खारट-आंबट दुर्री, डोळ्यांत पाणी, आणि समोर भाऊ शांतपणे पुढचा पत्ता टाकतोय.

वयनी लग्न होऊन आली त्या पहिल्या मेमध्ये तिच्याही वाट्याला दुर्री आली होती. बिचारी नवी नवरी, हातात हिरवा चुडा, तोंडात पत्ता. नेमके त्याच वेळी आम्ही दोघं आत गेलेलो, आणि इन्सुलीचे पाहुणे खळ्यात उभे. "खंय गेली सगळी?" त्यांनी विचारलं. आई विहिरीवर होती. नियम मोडायची हिंमत नाही, म्हणून ही हातवारे करून विहीर दाखवतेय. पाहुणे पाणी पिऊन गेले आणि गावात सांगत सुटले, सून गोरी आसा, पण मुकी. ते ऐकून भाऊ हसून हसून पडवीतून खाली पडला होता.

डब्यात तीस पत्ते होते, आणि तळाशी ती. दुर्रीच्या एका बाजूला दातांच्या इतक्या खुणा की कड कुरतडल्यासारखी झालेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्याच.

त्या दुपारी मी डबा भाऊच्या पुढ्यात ठेवला. तो कावळ्याकडून डब्याकडे वळला, बराच वेळ बघत राहिला, आणि डावा हात झाकणावर ठेवला. नुसता ठेवला. मला वाटलं, झालं, कळलं त्याला. मग तोच हात तसाच घसरून खाली आला आणि त्याने डोळे मिटले.

तेव्हापासून मला धड झोप नाही की जेवण नाही. रोज दुपारी आम्ही खेळलो. हातातले पाच पत्ते एका हाताने धरायचे कसे, हा प्रश्न वयनीने सोडवला. परातीत उकडे तांदूळ भरून आणले आणि पत्ते त्यात उभे रोवले. भाऊ त्यातून एकेक उपटून टाकायचा. एक दिवस त्याने माझ्या बदामच्या राणीवर बादशहा मारला आणि मी खुर्चीतून उडाले. पुढच्याच हाताला हुकमाचा गुलाम फुकट घालवला. मला कळेना. खेळतोय की नुसते पत्ते उपटतोय? माझी जुनी खोड जागी झाली, वही घेतली, बरोबर पत्त्याला बरोबरची खूण, चुकीच्या पत्त्याला फुली. आठवडाअखेर दोन्ही जवळपास सारख्याच. नाणं फेकलं असतं तरी तेवढंच आलं असतं. ती वही मी चुलीत घातली. वयनीने विचारलं, "काय जाळतंस गो?" मी म्हटलं, "माझा शहाणपण."

आणि पाठी? पाठी मी वाचत नव्हते. शपथेवर सांगते. एकोणसाठ वर्षांच्या बाईला तेवढं वळण लागलेलं असतं.

सुहास शनिवारी आला. दमलेला, डोळ्यांखाली काळं, बापाच्या पायांशी बसून त्याने पायांना तेल लावलं. त्याच्यावर रागवायचं म्हणून मी आठ दिवस तयारी केली होती, ती तिथेच निम्मी गळाली. रविवारी दुपारी वयनीची पिशवी भरून दारात ठेवलेली. भाऊची औषधं वेगळ्या डब्यात. वीज गेली, पंखा थांबला, समुद्र वाजायला लागला.

"ये, बस," मी सुहासला म्हटलं. "भाऊचो खेळ बघ."

"आत्ये, मी काही आनंदाने करतोय का हे?" शुद्ध मराठी.

"तू बस मगे."

तो बसला. हातात फोन. मी पत्ते पिसले, वाटले. पहिल्या डावात आठ माझे होते आणि भाऊला सात करायचे होते. देवा, इतकं वाईट तो आठवडाभरात खेळला नव्हता. किलवर चाललंय तर बदाम टाकतोय, हातात किलवर असून. एकदा तर पत्ता उपटला आणि तांदळातच पाडला. सहा हात झाले त्याचे, माझे नऊ.  शेवटी शेवटी सुहासने फोनमध्ये बघायला सुरुवात केली, आणि ते त्याने आमच्यावर दया म्हणून केलं हे मला कळलं.  वयनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याकडे बघायची माझी छाती होईना.

"आणखी एक डाव," मी म्हटलं.

या वेळी आठ भाऊचे. हुकूम त्याने सांगायचा. त्याने तांदळातला एक पत्ता उपटून पुढ्यात उलगडा ठेवला, इस्पिकची दश्शी. हुकूम इस्पिक. मग तो परत रोवला. ठीक. आता मागच्या डावातला माझा एक हात जास्त, म्हणजे मी त्याच्या परातीतून एक पत्ता ओढायचा.

पाच पाठी माझ्यासमोर उभ्या होत्या. आणि मी वर बघितलं नाही.

वर बघितलं नाही ते जिंकायला नव्हे, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते. मधल्या पत्त्याच्या पाठीवर अंगठा होता. इस्पिकचा एक्का, हुकमाचा. तो माझ्या हातून चुकून ओढला गेला तर भाऊ पुन्हा हरणार, सुहास फोन खिशात घालणार, आणि उद्या सकाळी गाडी खळ्यात उभी राहणार. म्हणून मी डागांवरून डोळे फिरवले, किलवरच्या अठ्ठीचा ओघळ शोधला, आणि अठ्ठी उपटली. भावाला जिंकवायला मी पाठ वाचली. कोणाला कळणार होतं?

"तां!"

इतक्या मोठ्याने की खळ्यातला कावळा उडाला.

भाऊचा डावा हात टेबलावर आपटला. परात हादरली, तांदूळ सांडले. त्याचे डोळे सरळ माझ्या डोळ्यांत होते, आणि ते आजाऱ्याचे डोळे नव्हते. "तां, तां, तां!" सुहास ताडकन उठला. "काय झालं? बाबा? आत्ये, त्यांना त्रास होतोय, बंद कर ते." भाऊने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. त्याने हात पुढे केला, डबा ओढला, आत बोटं घातली आणि तळ खरवडायला लागला. पत्र्याचा कर्कर आवाज. पत्रा गुळगुळीत, पत्ता चिकटलेला, डाव्या हाताच्या नखांना तो येईना. मी मदतीला हात घातला तर त्याने माझा हात झटकला. शेवटी एकदा ती दुर्री त्याच्या दोन बोटांत आली.

त्याने ती माझ्या तोंडासमोर धरली.

हात खाली येत नव्हता. त्याच्या दृष्टीने मी पुन्हा नऊ वर्षांची झाले होते, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. मी तोंड उघडलं. दुर्री दातांत धरली. जुन्या खुणांवर दात बरोबर बसले. चव होती की मला नुसती वाटली कोण जाणे, पण खारट लागली. मग डोळ्यांचं पाणी ओठांवर आलं तेव्हा काय खारट होतं ते कळेनासं झालं.

दुर्री दिल्यावर त्याने तर्जनी वर केली. छपराकडे. वासे.

वयनी दारात खाली बसली. पदर तोंडाला लावून ती हसत होती आणि रडतही होती. "पाठ वाचल्यान!" ती म्हणाली. "सुहास, तुझ्या आत्येन पाठ वाचल्यान रे! आणि ह्येंनी धरल्यानी!" मग तिने त्याला सगळं सांगितलं, रातांबे, डाग, नियम, इन्सुलीचे पाहुणे, एका दमात, जसं आठवेल तसं. सुहासच्या लहानपणी घरात टीव्ही आला आणि डबा माळ्यावर गेला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो ऐकत होता आणि बापाकडे बघत होता. भाऊ सांडलेले तांदूळ एका बोटाने परातीत ढकलत होता.

मला किती बोलायचं होतं! बघितलंस? आठवलं त्याला. पन्नास वर्षांपूर्वीचा नियम आठवला, चोर आठवला, शिक्षा आठवली. सफरचंद तो दाखवणार नाही, कारण सफरचंदाशी त्याचं काही देणंघेणं नाही. सगळं जिभेच्या टोकाशी आलं होतं आणि दातांत पत्ता. तेव्हा मला उमगलं, दिवाळीपासून भाऊ कुठे बसलाय ते. एवढंच सगळं आत, आणि तोंडात दुर्री. माझी तर डाव संपला की निघणार होती.

"मगे आता आत्येचो पत्तो कोणी ओढूचो?" सुहासने विचारलं. मालवणीत.

"तूच ओढ," वयनी म्हणाली. "चोराक परत ओढूक गावणा नाय."

किलवरची अठ्ठी भाऊने परत मागून घेतली आणि तांदळात रोवली. मग पाचही पत्ते उपटून, मांडीवर खाली-वर करून, पुन्हा रोवले. एका हाताने. त्याला बराच वेळ लागला, पण कोणी मदत केली नाही. सुहास खुर्ची पुढे ओढून बसला. फोन त्याने खिडकीत उपडा ठेवला. हात परातीकडे नेला.

"वर बघ रे, वर," वयनी म्हणाली. "वासे मोज."

सुहासने मान वर केली. पार मागे टाकली, गळ्याची घाटी वर आली, आणि तो खरोखर मोजायला लागला, ओठ हलवत. त्याची बोटं आंधळ्यासारखी पत्त्यांवरून फिरली. एकावर थांबली. पुढे गेली. परत मागे आली. भाऊ त्या बोटांकडे श्वास रोखून बघत होता. सुहासने पत्ता उपटला आणि तेव्हाच मान खाली केली.

इस्पिकचा एक्का.

हुकमाचा एक्का गेला आणि भाऊ हसला. दिवाळीनंतर पहिल्यांदा. अर्ध्याच तोंडाने हसला, ते वाकडं झालं, लाळ आली, पण पडवीतून खाली पडणारा तोच तो होता. सुहासने एक्का उलटा करून पाठीवरचा अंगठा बघितला, मग बापाचा डावा हात हातात घेतला आणि त्याचा अंगठा त्या डागावर ठेवून बघितला. तो अंगठा आता दुप्पट मोठा झाला होता.

"आये," तो म्हणाला, "ती पिशवी आत ने. उद्याची गाडी नको म्हणून सांगतंय. बाकीचा मगे बघू, कोणाक तरी सोबतीक ठेवू, काय तरी करू." आणि माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "माझा चुकला, आत्ये. तू काय तरी बोल ना."

मी काही बोलले नाही. डाव अजून संपायचा होता.